काउंटरवरच्या बाईबद्दल: ‘एक वाचक’ यांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘देवमाणसं’ या माझ्या लेखावर आपण रात्री पावणेबाराला प्रतिक्रिया टाकलीत आणि नावाच्या जागी ‘एक वाचक’ लिहिलंत. बाकीच्यांनी ती वाचली नसेल, म्हणून मजकूर थोडक्यात सांगतो. बीड जिल्ह्यातल्या त्या लहान मुलांच्या आणि कुटुंबाच्या मानसोपचाराच्या दवाखान्याचं मी पानभर कौतुक केलं, ते आपल्याला जाहिरात वाटलं. तिथं डॉक्टर एकच, बाकी सगळे बिनडिग्रीचे. काउंटरवरची बाई आयांना सल्ले देते, याला उपचार म्हणायचं का, असा आपला सवाल. शिवाय फी सहाशे, नंबर महिन्यानं लागतो, रात्री फोन उचलत नाहीत, एवढ्याशा लेकरांना गोळ्या देतात. आणि शेवटी, लेखकाला कमिशन किती?

प्रश्न विचारायला माझी कधीच ना नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात गेली माझी, पोरांच्या आणि त्यांच्या बापांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचाच पगार घेतला. पण ‘कमिशन किती’ ही काय विचारायची रीत झाली? गावच्या पारावर असं कुणी बोललं तर चार माणसं त्याला खाली बसवतात. इथं स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याच्या खिशात हात घालता येतो, एवढाच फरक. असो. ‘देवमाणसं’ हे शीर्षक भडक होतं, हे आपलं म्हणणं मला मान्य आहे. त्या दवाखान्यातल्या लोकांनाही ते आवडलेलं नाही.

आता ‘बिनडिग्रीचे’.

आधी माहितीतली चूक. त्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहेत, एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत आणि एक विशेष शिक्षिका आहेत. या शेवटच्या दोघांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिचा कायदा 1992 चा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातसुद्धा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्याच्या परिचारिका आणि मनोरुग्णांसाठी काम करणारे सामाजिक कार्यकर्ते यांच्या नोंदणीची तरतूद आहे. फक्त एमबीबीएस-एमडी म्हणजेच डिग्री, हा आपल्या भागातला जुना समज. तो आपणही बाळगून आहात, त्यात नवल नाही.

ते मानसशास्त्रज्ञ बिने-कामत ही बुद्धिमापनाची चाचणी घेतात. ही चाचणी 1930 च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली गेली. कोरा कागद घेऊन दहा मिनिटांत आकडा काढून द्यायचा, असला तो प्रकार नाही. लेकरू पहाटेच्या एसटीनं उपाशी आलेलं असेल तर ते आधी त्याला खायला लावतात आणि चाचणी अर्धीच घेतात. उरलेली अर्धी पुढच्या खेपेला. आपण ज्याला ‘महिन्यानं नंबर’ म्हणता, त्यातलं काही या अर्ध्या चाचण्यांमुळंही असेल.

राहिल्या काउंटरवरच्या मावशी. त्यांच्याकडे डिग्री नाही, बरोबर. दहावीसुद्धा त्या बाहेरून बसून झाल्या. पण तुमच्या त्या एका ओळीनं माझं डोकं जे तापलं, ते याच ठिकाणी.

तुम्ही कोणत्या मराठवाड्यात राहता मला ठाऊक नाही. आमच्या भागात दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. कोयता म्हणजे जोडी, त्यामुळं आई आणि बाप दोघंही ऊसतोडीला जातात, ते पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, येत नाहीत. लेकरू एकतर त्यांच्यासोबत कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, जातं, नाहीतर हंगामी वसतिगृहात जेवून आजीकडे झोपतं. ‘कुटुंबाचा मानसोपचार’ करायचा तर कुटुंब आणायचं कुठून? आई-बापाशी बोलायचं तर उसाचा ट्रॅक्टर साखर कारखान्यावर नंबरला उभा असतो तेवढ्या वेळात फोन लावावा लागतो. तो लावायचा कधी, हे मावशींना माहीत असतं. कुणाचा बाप कोणत्या कारखान्यावर आहे याची त्यांच्याकडे वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.

माझ्या वर्गातलं एक पोरगं मीच तिथं नेलं होतं. तपशील थोडे बदलून सांगतो. आई-बाप कर्नाटकात ऊस तोडायला गेले आणि चांगलं मोठं झालेलं पोरगं परत अंथरूण ओलं करायला लागलं. वर्गात वास यायचा, पोरं चिडवायची, शेवटी त्यानं शाळाच सोडली. डॉक्टरीणबाईंनी आजीला सगळं विचारलं. आजी पदर तोंडाला लावून ‘काही नाही जी, काही नाही’ एवढंच म्हणत राहिली. बाहेर आल्यावर मावशींनी तिला पाणी दिलं, गाव विचारलं, कोणाची लेक ते विचारलं. तेव्हा आजी बोलली. गावातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं पोराच्या पोटरीला चटका दिला होता. मावशी आत गेल्या आणि केसपेपरच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं लिहून आल्या: ‘पायाला चटका. आजीनं सांगितलं. रागावू नका.’

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. आजी पुढच्या खेपेला आली, म्हणून पोरगं आलं. त्यांनी आई-बापाशी फोनवर बोलणं ठरवून दिलं, पोराला रात्री कधी उठवायचं ते आजीला दाखवलं, मला शाळेत काय करायचं ते सांगितलं. पेन्सिलीच्या त्या ओळीला कुठल्या विद्यापीठाची डिग्री लागते, ते आपणच सांगावं.

आणखी एक. लेकरांना झटक्यांचं (फिटचं) औषध बऱ्याचदा पातळ मिळतं, ते मोजून द्यावं लागतं. एक आजी ते घरच्या चमच्यानं देत होती, चमचा कधी लहान कधी मोठा. मावशींनी औषधासोबतच्या छोट्या कपावर डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघेशी नेलपॉलिशची लाल खूण केली आणि आजीला समोर बसवून पाणी ओतायला लावलं, पुन्हा पुन्हा, हात बसेपर्यंत. याला आपण ‘सल्ले देते’ म्हणालात.

मी एवढं का बोलतोय? माझ्या धाकट्या भावाला लहानपणी झटके यायचे, आणि नंतर तो बोलेनासाच झाला. आधी सैलानीच्या दर्ग्याला नेलं, सगळेच नेत. मग वडिलांनी शेळी विकली आणि त्याला एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं डिग्र्यांची काही कमी नव्हती, भिंत भरली होती. डॉक्टर आत काय म्हणाले ते वडिलांना नीट कळलंच नाही. काउंटरवरच्या माणसानं मात्र भरल्या हॉलमध्ये आमचं आडनाव पुकारून ‘तो मतिमंद पोरगा कुणाचा?’ असं विचारलं, ते त्यांना पक्कं कळलं. त्यानंतर वडिलांनी त्याला कुठंच नेलं नाही. भाऊ आज पन्नाशीत आहे, आमच्याकडेच असतो. तेव्हा काउंटरवर कोण बसतं यावर काही अवलंबून असतं की नाही, हे मला शिकवायला येऊ नका.

राज्यात सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नकाशा काढा आणि त्यात मराठवाडा शोधा. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं. म्हणजे चाळीसच्या वर्गात सरासरी तीन. मी वर्षानुवर्षं त्या तिघांना ‘ढ’ आणि ‘वांड’ म्हणणाऱ्या स्टाफरूममध्ये बसलोय. आपण कुठं बसला होतात?

गोळ्यांचं म्हणाल, तर चंचलतेच्या आजाराचं जे मुख्य औषध आहे, मिथाइलफेनिडेट, ते शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळं तालुक्याच्या गावी बहुतेक मेडिकलवाले ते ठेवतच नाहीत. गोळ्या वाटण्याचीच हौस असती, तर डॉक्टरीणबाईंनी याहून सोपं काहीतरी निवडलं असतं. अगदी लहान लेकराच्या बाबतीत आधी आई-बापाला शिकवायचं आणि गोळीचं नंतर बघायचं, हाच शिरस्ता आहे, आणि तो तिथं पाळला जातो. मी पाहिलंय. रात्रीच्या फोनसाठी टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतसुद्धा बोलतात. फीबद्दल नंतर कधीतरी.

मी दवाखान्याचं नाव, पत्ता, फोटो काहीच दिलं नाही, यावरून आपण ‘गोष्ट रचलेली दिसते’ असाही टोमणा मारलात. उपचार घेणाऱ्यांची ओळख उघड करायची नाही, असं कायदाच सांगतो. लहान गावात दवाखान्याचं नाव दिलं की बाकावर कोण कोण बसलं होतं ते दोन दिवसांत समजतं. एकीकडे जाहिरात म्हणता, दुसरीकडे नाव का नाही म्हणून विचारता. एक काहीतरी ठरवा.

कमिशनचा हिशेब विचारलात, तर सांगतो. त्या दवाखान्यात मी आजवर घेतलेली एकमेव गोष्ट म्हणजे मावशींच्या हातचा चहा, आणि त्यात साखर फार असते.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी लिहा. ती छापेन, आणि मग सहाशे रुपयांवरही बोलू.