शरपंजरी

बोन्साय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक शांत म्हातारा येतो. पांढरी दाढी, हातात नाजूक कात्री, चेहऱ्यावर समाधी. या म्हाताऱ्यापुढे काटेरी जुनिपरचं सदाहरित झाड ठेवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. ठेवलं तर आधी दाढी अडकेल आणि मग समाधी सुटेल.

जुनिपरच्या दोन तऱ्हा. पहिली शिम्पाकु, तिची पालवी खवल्यांची, मऊ, कुरवाळावी अशी. वस्ताद मंडळी फोटोत हसतात ती बहुतेक हिच्याच शेजारी. दुसरी तऱ्हा सुयांची. जपानी लोक जिला तोशो म्हणतात ती जुनिपेरस रिजिडा या तऱ्हेची म्होरकी. एकेका पेऱ्यावर तीन सुया, तिन्ही वेगळ्या दिशांना रोखलेल्या. कुठूनही हात घाला, एकजण ड्युटीवर असतेच. शिम्पाकुवाल्यांनीही फार खूश होऊ नये म्हणा. जरा जास्त छाटलं, की ती बिथरून परत बालवयात शिरते आणि सुयाच काढू लागते.

फांदीला हवा तसा बाक द्यायचा तर तिच्याभोवती तार गुंडाळतात. ही तार बांधायचे नियम कागदावर फार देखणे आहेत. तारेची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश. वेढे ४५ अंशांत. एकाच तारेत दोन फांद्या, म्हणजे एकीला दुसरीचा आधार. फांदी वाकवताना वेढा बाकाच्या बाहेरच्या अंगाला यावा, नाहीतर ती तिथेच तडकते. इथवर ठीक. शेवटचा नियम मात्र नक्की कुणा मऊ पालवीवाल्याने केलाय: तारेखाली एकही सुई दबता कामा नये. अहो, इथे सुयांमध्ये फांदी शोधावी लागते! दबलेली सुई चिमट्याने सोडवायला जावं, तर दुसऱ्या हातातली तार सैल पडते. ती आवळावी, तर ४५ चे ७० अंश होतात आणि आणखी चार सुया दबतात.

भीष्मांना निदान इच्छामरण होतं. मला कितीही इच्छा झाली तरी मधेच उठता येत नाही. अर्धी तार फांदीवर आणि अर्धी मुठीत.

"हातमोजे घाला ना," असं घरातून सुचवलं जातं. तुटण्याआधी फांदी किंचित कुरकुरते आणि ती कुरकुर कानापेक्षा अंगठ्याला आधी कळते. हातमोज्यातला अंगठा ठार बहिरा. म्हणून उघडे हात, आणि संध्याकाळी मनगटापर्यंत लाल पुरळ. कुणी विचारलं तर "झाड चावलं" एवढंच सांगतो. पुढचे प्रश्न येत नाहीत.

तारेतही स्वभाव असतात. ॲल्युमिनियम मवाळ, वेढा चुकला तर निमूट मागे येतं, पण तेवढ्याच कामाला जाड तार लागते. तांब्याची तार तापवून मऊ केलेली असते आणि वाकवली की कडक होते. तिच्यासमोर विचार बदलायची सोय नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर झाडाला माणसाचा हातच लागलेला नाही असं दिसावं म्हणून! वादळात सोलून वाळल्यासारखी फांदी म्हणजे जिन, खोडावरचा सोललेला पट्टा म्हणजे शारी. वादळाचं काम पक्कड करते. शेकडो वर्षांच्या उन्हाचं काम लाईम सल्फर, म्हणजे चुना-गंधकाचं द्रावण. ते लावलं की लाकूड पांढरं पडतं आणि घरभर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. त्या वासात घरच्यांना शेकडो वर्षं जाणवतात, पण ती वेगळ्या अर्थाने.

त्यातून हे झाड भलतंच आतल्या गाठीचं. मेलं तरी कित्येक आठवडे हिरवंच राहतं. पाहुणे "किती टवटवीत!" म्हणतात आणि मी नुसता हसतो, कारण ते कौतुक आहे की सांत्वन हे झाडालाच ठाऊक.

फांदी जाड होऊन तार सालीत रुतू लागली की ती काढायची. काढायची म्हणजे उलगडायची नाही, फांद्या मोडतात. एकेक वेढा कटरने कापायचा. म्हणजे पुन्हा सगळ्या सुयांची भेट. गेल्या खेपेला शेवटचा तुकडा खाली पडला आणि बघता बघता फांदी हळूच पूर्वीच्या जागी निघाली.

"झालं का एकदाचं?" घरातून विचारणा झाली.

"हो, तार काढली."

"मग आता?"

"आता बांधायची."