चरबीतील मूळपेशी आणि ‘वय, वजन, आजार यांचा परिणाम होत नाही’ हा दावा

चरबीतून काढलेल्या मूळपेशींच्या (स्टेम सेल, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या) उपचारांबद्दल एक मजकूर बराच काळ फिरतो आहे. त्याचा आशय असा: चरबीत अस्थिमज्जेच्या 500 पट मूळपेशी असतात; अंगावर चरबी जितकी जास्त, तितक्या पेशी जास्त; या पेशी सुप्तावस्थेत असल्यामुळे रुग्णाचे वय किंवा आजार यांची झळ त्यांना लागत नाही; आणि त्या स्वतःच्याच असल्यामुळे धोका शून्य. यातल्या पहिल्या विधानात तथ्य आहे, आणि त्याच्याच आधाराने उरलेली तीन गळी उतरवली जातात.

लायपोसक्शननंतर (चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर) टाकून दिल्या जाणाऱ्या चरबीत हाड, कूर्चा, स्नायू अशा वेगवेगळ्या ऊतींकडे वळू शकणाऱ्या पेशी असल्याचे 2001 साली संशोधक पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. अस्थिमज्जेच्या तुलनेत चरबीत अशा पेशींचे प्रमाण बरेच जास्त असते, हे त्यानंतर अनेकांना आढळले. मात्र 500 पट ही ढोबळ तुलना आहे. समोरच्या रुग्णाच्या चरबीत काय दडले आहे, हे तिच्यावरून कळत नाही. कोलॅजनेज या विकराने चरबी विरघळवून ती सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरवली की तळाशी जो साका बसतो, त्यात मूळपेशींचा हिस्सा लहानच असतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी, भक्षकपेशी (मृत पेशी व जंतू गिळणाऱ्या), लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि रक्तातून आलेल्या तांबड्या पेशी यांचीही त्यात गर्दी असते. ‘इतके कोटी पेशी मिळाल्या’ असे सांगताना यातल्या कोणकोणत्या मोजल्या, हे सहसा सांगितले जात नाही. खरी परीक्षा वेगळीच आहे: या पेशी प्लास्टिकच्या तबकडीत अगदी विरळ पसरायच्या आणि साधारण दोन आठवड्यांनी किती पेशींनी स्वतःची वसाहत उभी केली, ते मोजायचे. ती न करता दिलेला आकडा म्हणजे उगवणशक्ती न तपासता सांगितलेले बियाण्याचे वजन.

‘चरबी जास्त, तर पेशी जास्त’ हे वरवर पटण्यासारखे वाटते, कारण काढायला चरबी भरपूर मिळते. पण प्रौढपणी वजन वाढते ते मुख्यत्वे असलेल्या मेदपेशी फुगल्यामुळे. त्यांची संख्या बहुतांशी किशोरवयातच ठरून जाते, असे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या संशोधनात दिसले. मेदपेशी फुगल्या की प्रत्येक मिलिलिटरमधली जागा तेलच व्यापते, आणि तेवढ्याच चरबीत इतर पेशींना वाव कमी उरतो. फुगलेल्या पेशींपर्यंत प्राणवायू नीट पोहोचत नाही, काही पेशी मरतात, त्यांच्याभोवती भक्षकपेशींचे कडे तयार होते आणि सौम्य पण सततचा दाह सुरू राहतो. भक्षकपेशी वाढल्या की साक्यातील एकूण पेशींचा आकडाही वाढू शकतो, आणि अहवाल मात्र उत्तम दिसतो! या वातावरणात राहिलेल्या मूळपेशींची विभाजनाची आणि इतर ऊतींकडे वळण्याची क्षमता घटल्याचे, आणि त्या दाह वाढवणारी रसायने अधिक सोडत असल्याचे बऱ्याच अभ्यासांत आढळले आहे.

वयाबाबत मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवे की मिळणाऱ्या पेशींची संख्या आणि वय यांचा ठाम संबंध अनेक अभ्यासांना सापडलेला नाही. मजकूर लिहिणाऱ्यांनी हाच अर्धा भाग उचलला आहे. उरलेला अर्धा असा की वृद्धांच्या पेशी संख्येने पुरेशा मिळाल्या, तरी त्या सावकाश दुप्पट होतात, विभाजन कायमचे थांबलेल्या पेशींचे प्रमाण त्यांत वाढलेले असते, आणि मेद बनवण्याची क्षमता टिकली तरी हाड बनवण्याची घटलेली दिसू शकते. पेशी सुप्त असते म्हणजे ती शरीराबाहेर असते, असे नव्हे. डीएनएतील बिघाड तिच्यातही साठतात आणि भोवतालच्या साखरेचा नि दाहाचा मारा तिलाही सोसावा लागतो.

मधुमेहात हे अधिक स्पष्ट होते. मधुमेही व्यक्तींच्या चरबीतील पेशी नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास कमी मदत करतात, आणि टाइप 2 मधुमेहात रक्ताची गुठळी विरघळवण्याची त्यांची क्षमताही घटलेली आढळली आहे. पायाची जखम भरत नसलेल्या किंवा पायाचा रक्तपुरवठा घटलेल्या रुग्णासाठी नेमक्या याच दोन गोष्टी कळीच्या असतात, आणि असे रुग्ण बहुधा वयस्क व मधुमेही असतात. म्हणजे ज्यांना हा उपचार सर्वात आग्रहाने सुचवला जातो, त्यांच्याच पेशी दुबळ्या असण्याची शक्यता सर्वात जास्त.

चरबी पोटावरची घ्यावी की मांडीवरची, यावर निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यावरून छातीठोक विधाने करू नयेत. भूल देण्यासाठी वापरलेल्या लिडोकेनची मात्रा, पूर्वी घेतलेले किरणोपचार आणि धूम्रपान यांचाही पेशींवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांची नोंद अहवालात असायला हवी.

‘स्वतःच्याच पेशी, म्हणून धोका नाही’ यात खरे इतकेच की शरीर त्या परक्या म्हणून नाकारत नाही. अमेरिकेत 72 ते 88 वर्षे वयाच्या तीन स्त्रियांना मॅक्युलर डीजनरेशनसाठी (दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजण्याच्या विकारासाठी) त्यांच्याच चरबीतील पेशींची इंजेक्शने दोन्ही डोळ्यांत दिली गेली. दृष्टिपटल निखळणे, रक्तस्राव अशा गुंतागुंती होऊन त्यांची दृष्टी गंभीररीत्या गेली. ही माहिती 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या की रुग्णागणिक फरक मिटतो, असाही एक बचाव केला जातो. पण वाढवताना पेशी आणखी म्हाताऱ्या होतात, आणि आधीच थकलेल्या पेशी लवकर थांबतात. क्रोन्स रोगातील (आतड्याच्या दीर्घकालीन दाहातील) भगंदरासाठी युरोपात 2018 मध्ये मान्यता मिळालेल्या डार्व्हॅडस्ट्रोसेल या उपचारात रुग्णाच्या नव्हे, तर निरोगी दात्यांच्या चरबीतील पेशी वापरल्या होत्या. तयार साठा ठेवता येतो, ही त्यातली मोठी सोय होतीच, पण दाता पारखून घेता येतो, हाही फायदा होता. इतकी निवड करूनही नंतरच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित परिणाम दिसला नाही, आणि 2024 च्या अखेरीस ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले.