घरच्यासारखं भाडं

घरातली एक खोली रिकामी पडली आहे, जवळच कॉलेज आहे आणि एक होतकरू विद्यार्थी दारात उभा राहून विचारतो आहे, "काका, भाडं किती?" अशा वेळी पुष्कळ लोक गडबडतात आणि चक्क आकडा सांगून मोकळे होतात. तुम्ही ही घाई करू नका. आधी त्याला घर दाखवा, पंखा लावून बसवा, आणि तुम्हाला भाड्याची कशी मुळीच गरज नाही ते सविस्तर सांगा. "पैशासाठी नाही रे, घरात कुणीतरी सोबतीला असावं एवढंच." हे वाक्य एकदा बोलून झालं, की नंतर सांगितलेल्या कुठल्याही आकड्यावर घासाघीस करायची त्या मुलालाच लाज वाटते.

आता आकडा. भाडं वाजवी असावं याबद्दल आपलं दुमत नाहीच. ते किती असलं म्हणजे वाजवी, हे आधी मनाशी ठरवून टाका आणि मग हिशेबाला बसा. उलट क्रमानं गेलात तर हिशेब कुठे जाईल याचा नेम नसतो.

बाजारभाव काढायला खोल्यांच्या जाहिराती बघा. त्यातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात जुनी जाहिरात निवडा. जी खोली महिनोन् महिने तशीच झळकते आहे, तिचाच दर प्रमाण मानायचा. ती अजून का गेली नाही, असल्या खोलात शिरू नका. जिथे मुलं खरोखर राहतात आणि दरमहा भाडं भरतात तिथे जाऊन चौकशी करण्याचा मोहही टाळा. आणि तुलना नेहमी स्वतंत्र दार, स्वतंत्र संडास-बाथरूम असलेल्या जागेशीच करा. तुमच्या खोलीला या दोन्ही गोष्टी नाहीत हे खरं, पण तिच्याकडे तुम्ही आहात.

कर्जाचा हप्ता हा दुसरा भक्कम आधार. महिन्याचा हप्ता किती, त्यातला निम्मा मुलानं उचलला तर काय बिघडलं? डेव्हिड रिकार्डो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १८१७ सालीच लिहून ठेवलंय, की जमिनीचा खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असतं म्हणून खंड द्यावा लागतो. म्हणजे मालकाला काय पडतं यावर भाडं ठरत नाही, घेणारा त्या जागेसाठी किती मोजायला तयार आहे यावर ठरतं. पण रिकार्डो शेअरबाजारात गब्बर झालेला माणूस, त्याला हप्त्याचं दुःख काय कळणार! हप्ता फिटल्यावर घर तुमच्या नावावर राहणार आणि मुलाच्या नावावर फक्त त्याची सतरंजी, हा मुद्दा कुणी काढलाच तर "शिक्षणाच्या वयात मालमत्तेचा विचार करू नये" असं प्रेमानं सांगा.

क्षेत्रफळाचं गणित जरा नीट समजून घ्या. समजा घर ८०० चौरस फुटांचं आहे. मुलाची खोली १००, तुमच्या स्वतःच्या खोल्या ३००, आणि स्वयंपाकघर, बाथरूम, दिवाणखाना धरून सामाईक जागा ४००. घरात तुम्ही चार आणि तो पाचवा. भाबडा माणूस काय करील, तर सामाईक जागेला पाचानं भागून ८० चौरस फूट त्याच्या नावावर टाकील. झाले एकूण १८०, म्हणजे घराच्या पाव हिश्श्याहूनही कमी! एवढ्यावर समाधान मानायचं असेल तर पुढचं वाचू नका. तो मुलगा अख्ख्या दिवाणखान्यातून चालत जातो ना? मग अख्खा दिवाणखाना धरा, अख्खं स्वयंपाकघर धरा. १०० अधिक ४०० झाले ५००, आणि बघता बघता निम्म्याहून जास्त घर त्यानंच व्यापलं. दिवाणखाना त्याच्या हिशेबात धरायचा, फक्त त्यानं तिथे बसणं धरायचं नाही. टीव्हीच्या वेळी तो बाहेर आला, तर "काही हवं होतं का?" हा प्रश्न पुरतो.

आणि ती १०० फुटांची खोलीसुद्धा पूर्ण रिकामी करून देऊ नका. कपाटाचे वरचे दोन कप्पे तुमच्या जुन्या फायलींना लागतातच. पलंगाखाली दोन सूटकेसा आणि चाक निखळलेली बाबागाडी. कोपऱ्यात व्यायामाची सायकल, जिच्यावर सध्या ब्लँकेटं व्यायाम करतात. अडगळीच्या जागेचं भाडं अडगळीनं द्यायचं असतं, पण तिच्याकडे पैसे नसतात. मुलाकडे असतात.

विजेकडे आता वळू, कारण खरं कसब इथेच लागतं. "वीज भाड्यातच आली बघ" असं पहिल्या दिवशी सांगा आणि पहिलं बिल आलं की कपाळाला हात लावा. मोबाईल चार्जिंगला लावला की लगेच आवाज द्या. फोनची बॅटरी रोज शून्यापासून भरली तरी महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही, हे त्याला माहीत असण्याची शक्यता कमी, विशेषतः तो वाङ्मय शिकत असेल तर. ९ वॅटचा एलईडी दिवा रोज सहा तास जळला तरी महिन्याला दीडेक युनिट होतं. पण रात्री दोन वाजता दाराखालून येणारा उजेड वॅटमध्ये मोजायचा नसतो, मनाला किती लागतो त्यावर मोजायचा असतो. वायफायचा राऊटर तो येण्याआधीही चोवीस तास चालू होता आणि तो गेल्यावरही राहणार, फ्रीजचंही तेच. तरी दोन्हींचा पाचवा हिस्सा न विसरता लावा.

गरम पाणी हे मात्र थोडंफार खरं खर्चाचं कलम. १५ लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाच्या आतबाहेर वीज जाते, म्हणजे त्याच्या फोनला जवळजवळ महिनाभर पुरेल एवढी. पण गंमत बघा, लोक फोनवरच ओरडतात. फोन दिसतो ना! तो येण्याच्या आधीची, त्याच ऋतूतली बिलं काढून नव्या बिलांशी ताडून पाहिली तर त्याच्यामुळे काय वाढलं ते दहा मिनिटांत कळेल. म्हणून जुनी बिलं जपून ठेवा, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. ज्याला कुलूप आहे त्यात.

एवढं सगळं करूनही आकडा जरा कमीच वाटत असेल, तर आपल्याकडचा हुकमी एक्का बाहेर काढा: तो घरच्यासारखा आहे. घरच्यासारखं असण्याची किंमत करता येत नाही, म्हणून ती भाड्यात अंदाजानंच धरावी लागते. दारात उभं राहून "जेवलास का?" असं विचारणं, उशीर झाला तर "कुठे होतास?" असं विचारणं, त्याच्या आईला परस्पर फोन करून "बारीक झालाय हो" असं कळवणं, हे कुठल्या वसतिगृहात मिळतं? (त्यानं मागितलंय का, हा प्रश्न गौण आहे.)

घरच्यासारखा म्हटल्यावर घरची चार कामं ओघानं येतातच. धाकट्याची गणितं, आजोबांच्या फोनमधली "जागा भरली" ही कटकट, कुरिअर येणार म्हणून दुपारी घरी थांबणं, तुम्ही गावाला गेलात की कुंड्यांना पाणी. याचा हिशेब कुठेही मांडू नका. शिकवणीचे तास कापून द्यायची वेळ आली तर महिनाअखेर तुम्हीच त्याचं देणं लागाल. त्याचा मित्र एक रात्र राहायला आला, की मात्र तो तत्काळ भाडेकरू होतो आणि घर म्हणजे धर्मशाळा नव्हे, हे त्याला सांगावं लागतं. मित्र गेला की पुन्हा घरचा. हा बदल दिवसातून कितीही वेळा करता येतो, त्याला नोटीस लागत नाही.

सुट्टीत तो महिना-दीड महिना घरी जाईल. खोली त्याची आहे म्हणून भाडं पूर्ण घ्या. खोली रिकामी आहे म्हणून आलेले पाहुणेही तिथेच झोपवा.

लेखी काही करू नका. कागदावर भाडं, त्यात काय काय धरलंय, सोडायची मुदत, अनामत कधी परत, एवढं चार ओळींत लिहिलं तर ते दोघांनाही वाचता येतं, आणि दोघांनाही वाचता येणारी गोष्ट एकाच्या उपयोगाची राहत नाही. "आपल्यात कागद कशाला?" म्हणा. मुलगा पावती मागू लागला तर थोडं दुखावल्यासारखं करा. तरीही मागतच राहिला तर तो वाणिज्य शाखेचा आहे, पुढच्या खेपेला चौकशी नीट करून घ्या.

राहता राहिली अनामत. ती परत करायची असते असं म्हणतात. त्यासाठी तो येण्याआधी खोलीचे फोटो मुळीच काढू नका, आणि खिडकीखालची ओल आणि कपाटाची लोंबणारी बिजागरी त्याला दाखवू नका. जाताना तुम्हीच त्या पहिल्यांदा बघा. वापरानं होणारी झीज आणि नासधूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रंग माणूस न राहताही जुना होतो, असा युक्तिवाद तो करील. करू द्या. ट्रंक रिक्षात चढलेली असते, गाडीची वेळ झालेली असते, अशा माणसाचे युक्तिवाद फार लांबत नाहीत. अनामतीतून रंगाचे पैसे कापा, खोली रंगवून घ्या आणि नव्या जाहिरातीत "नुकतीच रंगवलेली" असं ठळक लिहून भाडं थोडं वाढवा. रंगाला खर्च येतो.