बोलावणं नेमकं कोणाचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या, तेव्हापासून आमच्या कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद फिरून फिरून येतो. बांगलादेशचं सेंट मार्टिन बेट अमेरिकेला हवं होतं, हसीनांनी ते दिलं नाही, म्हणून त्यांचं सरकार पाडलं, असं एका गटाचं ठाम मत. व्हाइट हाउसने इन्कार केला होता. पण इन्कारालाच जे पुरावा मानतात त्यांच्यापुढे काय बोलणार? जून २०२५ मध्ये पाकिस्तानचे लष्करप्रमुख आसिम मुनीर ट्रम्प यांच्या पंगतीला बसले, सप्टेंबरात काठमांडूतली तरुण मुलं रस्त्यावर आली आणि ओलींचं सरकार गेलं, की पुन्हा तेच. दुसरा गट म्हणतो, चीन येण्यापेक्षा अमेरिका परवडली. दोन्ही गटांचं एका बाबतीत मात्र एकमत आहे: बांगलादेशी किंवा नेपाळी माणूस आपण होऊन काही करत नसतो, कोणीतरी त्याच्याकडून करवून घेतं.

मी पनामा सिटीत राहतो. काम जहाजांच्या विम्याचं. इथले भारतीय म्हणजे मुख्यतः सिंधी आणि गुजराती व्यापारी. मराठी बोलायला मिळतं ते बहुधा पनामाचा झेंडा लावलेल्या जहाजांवरच्या कोकणातल्या किंवा गोव्याच्या माणसांशी. ‘अमेरिकेचा हात’ बघायचा तर याहून चांगली जागा नाही. १९०४ पासून या देशात डॉलर चालतो. बाल्बोआ हे चलन नावापुरतं, त्याची नाणी आहेत, नोटा अमेरिकेच्याच. फोर्ट क्लेटन या जुन्या अमेरिकी तळाच्या बराकींत आता संशोधन संस्था आणि कचेऱ्या आहेत. हॉवर्डच्या हवाईतळाभोवती गोदामं उभी राहिली. लॅटिन अमेरिकेतले लष्करी अधिकारी जिथे प्रशिक्षणाला येत, त्या फोर्ट गुलिकमधल्या इमारतीचं हॉटेल झालं.

अमेरिकेने कोलंबियापासून पनामा तोडला, असं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असतं. ती ओळ खोटी नाही, अपुरी आहे. अमेरिकेबरोबरचा कालव्याचा करार कोलंबियाच्या सेनेटने ऑगस्ट १९०३ मध्ये फेटाळला. त्याआधीच्या हजार दिवसांच्या यादवीने या संयोगभूमीची पार दुर्दशा झालेली होती आणि बोगोटा फार दूर होतं. इथल्या प्रतिष्ठितांना वेगळं व्हायचंच होतं. त्यांचा पुढारी मानुएल आमादोर गेरेरो हा अमेरिकी मालकीच्या रेल्वे कंपनीचा डॉक्टर. २ नोव्हेंबरला ‘नॅशव्हिल’ ही अमेरिकी युद्धनौका कोलोन बंदरात आली, आणि दुसऱ्या दिवशी जे झालं ते मला नेहमी नाटकातल्या प्रवेशासारखं वाटतं. कोलंबियाचं सैन्य कोलोनला उतरलं होतं. रेल्वेच्या अमेरिकी अधीक्षकाने सेनापतींना अगत्याने सांगितलं, तुम्ही पुढे व्हा, शिपायांसाठी डबे मागाहून सोडतो. सेनापती पनामा सिटीला पोचले आणि तिथे त्यांना अटक झाली. शिपाई कोलोनलाच राहिले. ६ नोव्हेंबरला अमेरिकेने नव्या देशाला मान्यता दिली. १८ तारखेला वॉशिंग्टनमध्ये कालव्याचा तह झाला. पनामाच्या वतीने त्यावर सही केली ती फिलिप ब्यूनो-व्हारिया या फ्रेंच अभियंत्याने, ज्याचे पैसे जुन्या फ्रेंच कालवा कंपनीत अडकलेले होते. खुद्द पनामाचे प्रतिनिधी काही तासांनी शहरात पोचले. दहा मैल रुंदीचा पट्टा ‘कायमचा’ गेला, मोबदल्यात एक कोटी डॉलर आणि वर्षाला अडीच लाख.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नसावा. होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तह करून इंग्रजांची तैनाती फौज घेतली. तिच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. फौज परक्याची होती, भांडण घरचं होतं. (पनामाला कालवा परत मिळाला तो ३१ डिसेंबर १९९९ ला. निव्वळ योगायोग आहे, ग्रहताऱ्यांकडे जाऊ नका.)

पनामाच्या १९०४ च्या राज्यघटनेतच अमेरिकेला देशात कुठेही हस्तक्षेपाचा हक्क होता. तो वापरायला वॉशिंग्टन उत्सुक होतं, हे खरं. पण निवडणुका आल्या की हरण्याची भीती असलेला पक्ष स्वतःच अमेरिकेला देखरेखीसाठी साकडं घालायचा, हेही तितकंच खरं. १९२५ च्या ऑक्टोबरात शहरातल्या भाडेकरूंनी घरभाड्याविरुद्ध संप पुकारला, तेव्हा अध्यक्ष रोडोल्फो चियारी यांनी तो मोडायला कालव्याच्या पट्ट्यातून अमेरिकी सैनिक बोलावले. रोडोल्फोंचा मुलगा रोबेर्तो पुढे अध्यक्ष झाला. ९ जानेवारी १९६४ ला पनामाचे विद्यार्थी आपला झेंडा लावायला पट्ट्यातल्या अमेरिकी शाळेत गेले, झेंडा फाटला, दंगल पेटली, सुमारे वीस पनामावासी मारले गेले, आणि याच रोबेर्तो चियारींनी अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले. बापाने बोलावलेल्या फौजेशी मुलाने असा हिशेब केला. आजही नऊ जानेवारीला सुट्टी असते, आणि पट्ट्याच्या कडेने जाणाऱ्या त्या रस्त्याला हुतात्म्यांचं नाव आहे.

१९८९ सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पनामाचा लष्करशहा नोरिएगा बरीच वर्षं सीआयएचा पगारी माणूस होता. त्या मे महिन्यातली निवडणूक गियेर्मो एंदारा जिंकले, ती रद्द करण्यात आली. २० डिसेंबरला सुमारे २७ हजार अमेरिकी सैनिकांनी हल्ला केला आणि एंदारांचा शपथविधी त्याच रात्री अमेरिकी तळावर झाला. एल चोरियो ही गरिबांची वस्ती जळून गेली. अमेरिकेचे २३ सैनिक मेले. इथल्या मृतांचा आकडा काही शेकडे की काही हजार, यावर आजही भांडण आहे. नोरिएगा गेला याचा आनंद आणि तो कसा गेला याची लाज, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून एकाच चहाच्या वेळी ऐकू येतं. आमच्या ग्रुपवर अशा माणसाला जागा नाही. तिथे एक तर भक्त व्हायचं, नाही तर शत्रू.

आता पुन्हा तेच वारं आहे. जानेवारी २०२५ मध्ये शपथ घेतानाच ट्रम्प म्हणाले, कालवा आम्ही परत घेतोय. फेब्रुवारीत परराष्ट्रमंत्री रुबियो पहिल्याच परदेश दौऱ्यावर इथे आले आणि पाठोपाठ पनामाने चीनच्या बेल्ट अँड रोड योजनेतून अंग काढून घेतलं. एप्रिलमध्ये संरक्षणमंत्री हेगसेथ यांच्या भेटीत समझोता झाला: तीन वर्षं अमेरिकी सैनिक आळीपाळीने येऊन जुन्या तळांच्या जागी सराव करणार, कायमचा तळ मात्र नाही. संयुक्त निवेदनाच्या स्पॅनिश मसुद्यात कालव्यावरच्या पनामाच्या सार्वभौमत्वाचा उल्लेख होता, इंग्रजीत तो गायब होता. पुढचे काही आठवडे शिक्षक, बांधकाम मजूर, केळीच्या मळ्यांतले कामगार रस्त्यावर होते. त्यांच्या मागण्यांत सामाजिक सुरक्षेचा नवा कायदा आधी आणि अमेरिकी सैनिक नंतर, हे बाहेरच्या बातम्यांत फारसं दिसलं नाही. माझ्या कचेरीतली तरुण मंडळी समझोत्याला शिव्या घालतात आणि अमेरिकी व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही विचारत असतात. त्यांना यात विसंगती वाटत नाही. मलाही आता वाटत नाही.

इथून आपल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं की आमच्या ग्रुपवरचा वाद मला भलत्याच टोकाने सुरू झालेला दिसतो. नेपाळचंच घ्या. वीजवाहिन्या आणि रस्त्यांसाठी अमेरिकेच्या एमसीसी या सरकारी मदतसंस्थेचे ५० कोटी डॉलर २०१७ मध्ये ठरले. अमेरिकी सैन्य येणार या भीतीने काठमांडूत मोर्चे निघाले, संसदेत हाणामारीची वेळ आली, आणि अखेर फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या बारा मुद्द्यांचं स्पष्टीकरण जोडून नेपाळने करार मंजूर केला. चारच महिन्यांनी अमेरिकेच्या नॅशनल गार्डबरोबरच्या लष्करी भागीदारीला त्याच देशाने नकार दिला. श्रीलंकेचा एमसीसीचा ४८ कोटी डॉलरचा करार तर कोलंबोने पुढे सरकूच दिला नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने तो सोडून दिला. ही प्यादी असतील तर चांगलीच तयारीची प्यादी म्हणायला हवीत.

आणि आपण? मालदीव आणि अमेरिका यांच्यातल्या लष्करी कराराचा मसुदा २०१३ मध्ये बाहेर आला तेव्हा दिल्ली नाराज झाली. २०२० मध्ये दोघांनी संरक्षण सहकार्याचा आराखडा केला तेव्हा दिल्लीने स्वागत केलं. मधल्या काळात चीन आला होता. माझी त्याला हरकत नाही, देश असेच वागतात. हरकत आहे ती अमेरिका ‘आपल्या परसदारात’ शिरल्याच्या ओरडीला. मी ज्या देशात राहतो त्याला १८२३ पासून, अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांच्या जाहीरनाम्यापासून, कोणीतरी आपलं परसदार समजत आलं आहे. हे बोलणं कुंपणाच्या या बाजूने ऐकायला कसं लागतं ते मला रोज कळतं. मालेमध्ये ‘इंडिया आउट’चे टी-शर्ट घालून पोरं फिरत होती, तेव्हा तिथे आपले नव्वदच्या आतबाहेर सैनिक होते, तेही रुग्णांना बेटांवरून आणणारी हेलिकॉप्टरं आणि विमान चालवणारे. त्यांना तिथल्याच आधीच्या सरकारांनी बोलावलेलं. तरी मे २०२४ पर्यंत त्यांना परतावं लागलं. भारताच्या सीमेवरच्या २०१५ च्या नाकेबंदीत गॅस सिलिंडरविना राहिलेल्या काठमांडूच्या घरात अमेरिकेचं नाव कोणी घेत नव्हतं.

गंमत म्हणजे आपण स्वतः २०१६, २०१८ आणि २०२० मध्ये अमेरिकेशी तीन लष्करी करार केले. २०२३ पासून अमेरिकी आरमाराची जहाजं दुरुस्तीला घेण्याचा माझगाव डॉकचा करार आहे. मुंबईत त्यावर मोर्चा निघाल्याचं माझ्या कानावर नाही. आपण करार केला की ते धोरण, नेपाळने केला की ती विक्री!

परवा ग्रुपवर एकाने वैतागून विचारलं, मग करावं तरी काय? माझं उत्तर कंटाळवाणं आहे. नेपाळच्या त्याच एमसीसीच्या पैशातून बुटवलकडून येणारी वीजवाहिनी गोरखपूरला जोडली जाणार आहे. नेपाळकडे विकायला पाणविजेखेरीज फारसं काही नाही, आणि ती भारताच्या तारांतूनच बाहेर पडू शकते. चिनी सहभाग असलेल्या प्रकल्पाची वीज घ्यायची नाही, असं आपलं धोरण आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या तारांवरून नेपाळची वीज पहिल्यांदा बांगलादेशात गेली, ती ४० मेगावॉट. मी दिल्लीत असतो तर हा आकडा आधी वाढवला असता.