‘पानीस’ स्त्रिया आणि कॅनडाविषयीचा एक लोकप्रिय दावा

कॅनडात गुलामगिरी कधी रुजलीच नाही, उलट अमेरिकेतील गुलाम तिथे आश्रयाला येत; फ्रेंच अमलात ज्या थोड्या आदिवासी बायका गोऱ्यांच्या घरी होत्या त्यांना आदिवासींनीच पकडले होते, आणि त्यांना घरच्यांसारखेच वागवले जाई, असा दावा वारंवार सांगितला जातो. उपलब्ध कागदपत्रांपुढे तो टिकत नाही.

आश्रयाची हकीकत खरी असली तरी ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहे. त्याच्या शंभरेक वर्षे आधी, १३ एप्रिल १७०९ रोजी, इंटेंडंट (फ्रेंच वसाहतीचा मुलकी कारभार आणि न्याय पाहणारा अधिकारी) जाक रोदो याने फर्मान काढून विकत घेतलेले पानीस आणि कृष्णवर्णीय ही खरेदीदाराची पूर्ण मालमत्ता ठरवली. ‘पानीस’ हे नाव मुळात पॉनी या उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातीवरून आलेले; पुढे ते कोणत्याही जमातीच्या आदिवासी गुलामाला सरसकट चिकटले. १७६० मध्ये माँट्रियल इंग्रजांच्या हाती पडले तेव्हा शरणागतीच्या ४७व्या कलमाने ही मालकी जशीच्या तशी राखली. संख्या थोडी होती असेही नाही. इतिहासकार मार्सेल त्रुदेल यांनी चर्चची दप्तरे आणि खरेदीखते चाळून सुमारे ४,२०० गुलामांची नोंद केली. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश आदिवासी होते.

आदिवासी जमाती एकमेकींची माणसे कैद करीत, हे खरे आहे. परंतु महासरोवरांच्या प्रदेशात अशा कैद्याला पुष्कळदा मेलेल्या नातलगाच्या जागी कुटुंबात सामावून घेत. फ्रेंच वसाहतीने त्या कैद्याला किंमत लावली, त्याचे खरेदीखत केले आणि गुलाम आईचे मूलही गुलाम मानले. हा शेवटचा नियम स्त्रियांवर किती भारी पडला, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

राहिला ‘घरच्यांसारखे’ हा शब्द. पेशवाईतील कागदांत विकत घेतलेल्या दासीला ‘कुणबीण’ म्हणत. घरगुती वाटणाऱ्या शब्दामागे काय दडते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्रुदेल यांच्या नोंदींनुसार आदिवासी गुलामांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय अठराच्याही आत होते. १७३६ मध्ये इंटेंडंट ओकार याने असाही नियम केला की, मालकाने तोंडी दिलेली मुक्ती चालणार नाही, नोटरीसमोर लेख झाला पाहिजे. १७४० मध्ये क्वेबेकमध्ये मारी-मार्गरित नावाची तरुणी याच राजवटीपुढे उभी राहिली. तिचा मालक तिला कॅरिबियन बेटांवर पाठवण्याच्या तयारीत होता. आपले वडील फ्रेंच अधिकारी आहेत, आपण जन्माने स्वतंत्र आणि बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती आहोत, असे तिने वकिलामार्फत मांडले. तिची आई मात्र गुलाम आदिवासी स्त्री होती. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला, आणि ओकार याने तिला गुलाम ठरवले.