एरियल धरणारा माणूस

1972 च्या फेब्रुवारीत वडिलांनी दादरहून पत्रात विचारलं, "रोज टेलिव्हिजन बघतोस म्हणे. कसा दिसतो?" मुंबईला अजून टीव्ही यायचा होता, तो आला त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला. मी उलटटपाली कळवलं, "डावीकडून बरा दिसतो."

थट्टा नव्हती ती. इंग्लंडात बर्मिंगहॅमला आम्ही ज्या बाईंकडे खोली घेऊन राहत होतो, त्यांच्या दिवाणखान्यातला टीव्हीही आमच्यासारखाच भाड्याचा होता. मागे नाण्यांची पेटी. 10 पेन्स टाकले की चित्र, संपले की काळोख, आणि तेही नेमकं कुणी खुनाचा उलगडा करायला तोंड उघडलं की. चॅनेल तीनच. बीबीसी वनला एरियल, म्हणजे अँटेना, कपाटावर नुसता ठेवला तरी भागायचं. आयटीव्हीला तो खिडकीत कुणीतरी धरून बसावं लागे. बीबीसी टू मात्र असं मानी, की एरियल डोक्याच्या वर धरून माणूस खिडकीच्या पडद्याच्या दांडीला टेकून उभा राहिल्याशिवाय यायचंच नाही. हे काम घरातल्या सगळ्यांत नव्या भाडेकरूचं, म्हणजे माझं. विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे खरा, पण त्याचे हात कमरेवर आहेत.

संध्याकाळ बाईंच्या 'क्रॉसरोड्स'ने सुरू व्हायची. बर्मिंगहॅमजवळच्या कुठल्याशा मोटेलची ही मालिका. तिथे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मागे काहीतरी लफडं असायचंच. सेट इतके तकलादू, की कुणी दार लावलं की भिंत हलायची. भिंत हलली की बाई माझ्याकडे बघायच्या. "बॅब, हात स्थिर ठेव!" बॅब म्हणजे तिकडचं 'बाळा'. भिंतच हलतेय हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. नंतर भिंत हलली की मी आपणहून 'सॉरी' म्हणायला लागलो.

माझा रूममेट पुण्याचा. त्याला बीबीसी टूवरचे उत्खननाचे कार्यक्रम हवे असत. कुणीतरी दाढीवाला खड्ड्यात उतरून खापराचा तुकडा दाखवायचा, हा "वा!" म्हणायचा आणि माझा दंड भरून यायचा. गुरुवारी गाण्यांचं 'टॉप ऑफ द पॉप्स' लागलं, की हाच गृहस्थ पेपर तोंडासमोर धरायचा. पॉप गायक मार्क बोलन गालांवर चमकी लावून गायला लागला, की पेपर चार बोटं खाली यायचा. मला कडेने टीव्ही नीट दिसत नसला, तरी हे मात्र छान दिसायचं.

पण माझी खरी तपश्चर्या म्हणजे स्नूकर, टेबलावरचे रंगीत चेंडू काठीने भोकांत घालायचा खेळ. खालच्या खोलीत एक आयरिश फिटर राहायचा, त्याच्यापायी 'पॉट ब्लॅक' बघावं लागे. हा कार्यक्रम आमच्याच गावात, बीबीसीच्या पेबल मिल स्टुडिओत तयार व्हायचा. बीबीसीने तो काढला तो रंगीत टीव्हीचा रंग दाखवायला. आमचा सेट कृष्णधवल. रंगीत टीव्ही बघायचं वर्षाचं लायसन्स 12 पौंड, कृष्णधवलचं 7. पाच पौंड जास्त का भरायचे, असं बाईंचं म्हणणं. "रंग बघायला खिडकी आहे की!" फेब्रुवारीतल्या बर्मिंगहॅमच्या खिडकीत कुठला रंग दिसायचा, हे दिवसभर ती अडवून उभं राहणाऱ्या मला ठाऊक होतं.

तर त्या टेबलावर राखाडी कापडावर राखाडी चेंडू. निवेदक बिचारा मधूनमधून आमच्यासारख्यांना समजावायचा, की गुलाबी कुठला आणि हिरवा कुठे आहे. एवढ्या मदतीवर मी हिवाळाभर स्नूकर शिकलो. फिकट राखाडी म्हणजे गुलाबी, मळकट म्हणजे निळा, असा माझा स्वतःचा कोश तयार झाला होता.

आणि तेवढ्यात खाणकामगारांचा संप पेटला. 10 फेब्रुवारीला गावातल्याच सॉल्टलीच्या कोक डेपोवर, म्हणजे भट्टीच्या कोळशाच्या वखारीवर, हजारो कामगार चालून गेले आणि पोलिसांना फाटक बंद करावं लागलं. आमचा फिटर त्यांत होता. संध्याकाळी घसा बसवून आला, वर आम्हाला बिअर पाजली. पुढच्या आठवड्यात कोळशाअभावी पाळीपाळीने वीज जायला लागली. कुठल्या भागाचा नंबर कधी, ते पेपरात छापून यायचं, पण बाई पेपरात फक्त टीव्हीचं पान वाचायच्या.

त्या संध्याकाळी 10 पेन्स माझे होते. एरियल वर, चित्र स्वच्छ, शेवटचे चार चेंडू उरलेले, फिटर खुर्चीच्या टोकावर. खेळाडू वाकला, काठी मागे घेतली, आणि सगळी गल्ली काळोखात गेली.

"हात स्थिर ठेव!" बाई सवयीने ओरडल्या.

मेणबत्ती लागल्यावर सगळ्यांची नजर फिटरकडे वळली. "झालं समाधान?" बाईंनी विचारलं. "फाटक बंद केलंत ना? आता सांगा, तो काळा पडला की नाही!" एवढा मोठा पुढारी, पण त्याच्याकडे उत्तर नव्हतं. अंधारात मी आणखी पाचेक मिनिटं एरियल धरूनच उभा होतो. कुणी खाली ठेव म्हणालं नव्हतं.

त्याचं प्रायश्चित्त म्हणून की काय, फिटर पुढच्या आठवड्यात मला सेली पार्कच्या ब्रिटिश लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या, क्लबात घेऊन गेला. तिथे स्नूकरच्या जागतिक स्पर्धेची अंतिम लढत चालू होती. एका बाजूला जॉन स्पेन्सर, दुसऱ्या बाजूला बेलफास्टचा 22 वर्षांचा ॲलेक्स हिगिन्स, जो त्या आठवड्यात पहिल्यांदा जगज्जेता झाला. विजेचा भरवसा नाही म्हणून जनरेटर आणलेला. धूर, बिअर, आणि मधोमध हिरवंगार टेबल. इतकं हिरवं मी मुंबई सोडल्यापासून काही पाहिलं नव्हतं.

मी बराच वेळ टक लावून बघत होतो. मग फिटरच्या कानाशी लागलो. "गुलाबी फार सोपा लागलाय. मारत का नाही?"

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. "तो निळा आहे."