जंगल उभं होतं, तरी ओओ गेला

हवाईतल्या काउआई बेटावरच्या, आता नामशेष झालेल्या ओओ पक्ष्यावरचा लेख वाचला. छान लिहिलंय, पण त्यातलं 'जंगलतोडीने त्याचा बळी घेतला' हे एकच वाक्य खटकलं. ओओ शेवटचा ऐकू आला 1987 साली, तो त्याच बेटावरच्या अलाकाईच्या उंच, दलदलीच्या रानात. ते रान तर उभंच होतं की! उंदीर होते, वादळं आली, सगळं खरं. पण डासांचं नावही लेखात नसावं? हवाईत मुळात डासच नव्हते. 1826 च्या सुमारास ते जहाजातून आले, पुढे त्यांच्यामार्फत पक्ष्यांचा मलेरिया पसरला, आणि हा आजार कधी न पाहिलेली तिथली पाखरं पटापट गेली. उरलीसुरली डोंगरावरच्या थंडाव्यात टिकली. आता उष्मा वाढतोय तसा डासही वर चढतोय.

हा डास म्हणजे आपला क्युलेक्सच बरं का, हत्तीरोगवाला. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यातला. आजीचा डावा पाय मांडीपर्यंत सुजलेला, चप्पल कधी बसलीच नाही. रात्री दहानंतर बोटाला सुई टोचून रक्त न्यायला माणसं यायची, कारण जंतू रात्रीच रक्तात उतरतात. आम्ही पोरं खाटेखाली लपायचो. घरामागच्या तुंबलेल्या नालीत ज्याच्या अळ्या वळवळायच्या, त्यानेच तिकडे रानं मुकी केली, हे कळलं तेव्हा मी उठून आधी नालीच पाहून आलो. हवाईतल्याच माउई बेटावर 2023 पासून खास जिवाणू असलेले नर डास सोडताहेत, म्हणजे त्यांच्याशी जुळलेल्या माद्यांची अंडी उबणारच नाहीत. लेखात यावर दोन ओळी तरी हव्या होत्या.